देवाची करणी आणि बॉयलरमधले पाणी

आजचा धागा लढाईचा, किल्ल्याचा किंवा राजघराण्याचा नाही. तो तळघराचा आहे. थंड प्रदेशातील इस्पितळे, शाळा, हॉटेले आणि कारखाने हिवाळ्यात उबदार राहतात ते तळघरात बसवलेल्या बॉयलरमुळे. असा बॉयलर नव्याने बसवताना जाणता कारागीर काही गोष्टी निमूटपणे करतो. सुरक्षा झडपेच्या वाटेत तो कोणताही कॉक बसवत नाही. आत जाणारे पाणी आधी तपासून घेतो. पातळी खाली गेली की आग बंद करणारा स्विच तो बर्नरच्या वायरिंगमध्ये जोडतो, आणि तो स्विच फेजच्याच तारेत आहे ना, हे पुन्हा एकदा पाहतो. नियमपुस्तकात ही वाक्ये अत्यंत रुक्ष दिसतात. पण ती कोणी टेबलाशी बसून सुचेल तशी लिहिलेली नाहीत. बहुतेक वाक्यांमागे एखादी दुर्घटना उभी आहे, आणि तिची मीमांसा करताना जुन्या समजुतींशी घातलेला वाद आहे.

२० मार्च १९०५, सोमवार. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या दक्षिणेस असलेले ब्रॉक्टन हे बुटांच्या कारखान्यांचे गाव. तेथील आर. बी. ग्रोव्हर कंपनीच्या चार मजली लाकडी कारखान्यात सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. कारखान्यात दोन बॉयलर होते, एक नवा आणि एक जुना. नव्याची देखभाल चालू असल्याने त्या दिवशी जुना पेटवला होता. आठच्या सुमारास तो फुटला. छप्पर फोडून तो बाहेर फेकला गेला, इमारत कोसळली, निखारे आणि फुटलेल्या गॅसच्या नळ्या यांमुळे ढिगाऱ्याला आग लागली. जड यंत्रांखाली आणि तुळयांखाली अडकलेले कामगार बाहेर काढता येईनात. ५८ जण मरण पावले, दीडशेच्या आसपास जखमी झाले. अनेक मृतदेह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते.

आता यातील खरी अस्वस्थ करणारी गोष्ट. हा बॉयलर दुर्लक्षित नव्हता. त्याची तपासणी होत असे, त्याचा विमा उतरवलेला होता. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे मालकाने करायचे ते केले होते. तरीही तो फुटला. का फुटला, हे समजून घ्यायचे तर आपल्याला सुमारे सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागेल, आणि आरंभ करावा लागेल आपल्याच स्वयंपाकघरातून.

आपल्या आजोळी पाणी तापवायचा तांब्याचा बंब असे, तो आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, वर सैल झाकण. पाणी कितीही उकळले तरी वाफेला वाट मोकळी असे. त्यामुळे बंबातले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नसे. आता शेजारचा प्रेशर कुकर पाहा. तो बंद आहे. आत दाब वाढतो, दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो, आणि शंभर अंशांच्या वर तापूनही पाणी पाणीच राहते. बंब आणि बॉयलर यांतील फरक तो हाच. बंद भांड्यातील या अतितप्त पाण्यावरचा दाब एकाएकी नाहीसा झाला, म्हणजे भांडे तडकले, तर त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. आणि पाण्याची वाफ झाली की तिला हवेच्या सामान्य दाबाखाली सुमारे १६०० पट जागा लागते. बॉयलरचा स्फोट म्हणजे दारूगोळ्याचा स्फोट नव्हे. तो पाण्याने मागितलेल्या जागेचा स्फोट आहे.

कुकरचा पूर्वज १६७९ सालचा. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनमध्ये हाडे शिजवून मऊ करणारे बंद भांडे बनवले आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाने दाबलेली झडप बसवली. दाब वजनापेक्षा अधिक झाला की झडप उचलली जाते, वाफ निघून जाते, झडप पुन्हा बसते. आपल्या कुकरची शिटी हे त्याच तत्त्वाचे आजचे रूप. कल्पना इतकी सोपी आणि इतकी पुरेशी की प्रश्न तिथेच संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण वजन टाकून झडप दाबता येते तशी ती हाताने किंवा पान्यानेही दाबून ठेवता येते.

जेम्स वॉटला अधिक दाबाच्या वाफेचे भय वाटे. त्याची इंजिने वातावरणाच्या दाबाहून किंचित अधिक दाबावर चालत. १८०० मध्ये त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि कॉर्नवॉलचा रिचर्ड ट्रेव्हिथिक उच्च दाबाची लहान, स्वस्त, सुटसुटीत इंजिने घेऊन पुढे आला. सप्टेंबर १८०३ मध्ये लंडनजवळच्या ग्रिनिचला त्याचे एक इंजिन पाणी उपसत असता बॉयलर फुटला आणि चार माणसे दगावली. हकीकत अशी सांगितली जाते की इंजिन सांभाळणारा मुलगा ईल मासे पकडायला गेला होता आणि यंत्र एका अननुभवी मजुराच्या हाती सोडले होते. त्या मजुराने इंजिन थांबवले. पण सुरक्षा झडप मात्र दाबून धरलेलीच राहिली. वाफ वापरली जात नव्हती, बाहेरही पडत नव्हती, खाली आग तशीच धगधगत होती.

ट्रेव्हिथिक चिडला. बोल्टन आणि वॉट या अपघाताचे भांडवल करतील, असे त्याने एका पत्रात लिहिले. पण चिडून थांबला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याने एकाऐवजी दोन झडपा बसवायचे ठरवले. आणि दुसरी युक्ती तर फारच मार्मिक होती. आगीच्या लगतच्या पत्र्यात त्याने शिशाचा खिळा बसवला. पाणी वर असेपर्यंत शिसे थंड राहील; पाणी खाली गेले की ते वितळेल, छिद्र पडेल आणि वाफेचा झोत आगीवर येईल. म्हणजे ज्या धोक्याची खबर आगवाल्याला लागत नाही, ती धातूला लागावी. आपल्या कुकरच्या झाकणावर शिटीच्या बाजूला जो ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ असतो आणि कुकर कोरडा पडल्यावर जो ‘उडतो’, त्यात हीच वितळणाऱ्या मिश्रधातूची युक्ती असते. ग्रिनिचच्या त्या मजुराच्या चुकीचे फळ आज आपल्या ओट्यावर आहे. (दुकानात तो व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो म्हणून भलत्याच कंपनीचा बसवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

पुढची ५० वर्षे म्हणजे स्फोटांची मालिका आहे. तिचा तपशील देत बसत नाही, पण तिच्यातील एक मुद्दा इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य टिपावा. बॉयलर का फुटतात, याविषयी त्या काळात अद्भुत कल्पना रूढ होत्या. तापलेल्या लोखंडावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो व तो पेटतो, असे अनेक जाणकारही मानत. कोणी विजेला दोष देई. इंग्लंडमधील मृत्युचौकशीचे पंच बहुधा ‘आकस्मिक मृत्यू’ असा निर्णय देऊन मोकळे होत. ‘देवाची करणी आणि नारळात पाणी’ म्हणणे नारळाच्या बाबतीत रम्य आहे. बॉयलरमधल्या पाण्याच्या बाबतीत मात्र ही भूमिका मालकाला फार सोयीची होती. कारण अनाकलनीय ठरले, की जबाबदारीही अनाकलनीय ठरते.

या धुक्याला पहिला तडा दिला तो फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने. आगबोटींचे बॉयलर वरचेवर फुटू लागल्यावर १८३० च्या दशकात या संस्थेने अलेक्झांडर डॅलस बाक यांच्या पुढाकाराने प्रत्यक्ष बॉयलर तापवून प्रयोग केले. अमेरिकेच्या केंद्र सरकारने वैज्ञानिक संशोधनासाठी दिलेल्या अगदी आरंभीच्या अनुदानांपैकी एक या कामाला मिळाले. १८३६ च्या अहवालाने हायड्रोजनची कथा निकालात काढली. पाणी कमी पडणे, पत्रा लाल होणे, झडप अडकणे, लोखंड हिणकस असणे, अशी साधी कारणे पुरेशी होती. त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली: वितळणाऱ्या मिश्रधातूतील घटक उष्णतेने व दाबाने वेगळे होऊ शकतात, आणि मग तो खिळा ठरलेल्या तापमानाला वितळत नाही. ट्रेव्हिथिकच्या युक्तीवरही डोळे मिटून विसंबता येणार नव्हते.

ज्ञान झाले म्हणून आचरण बदलत नाही. एप्रिल १८३८ मध्ये सिनसिनाटीजवळ ‘मोझेल’ ही आगबोट स्फोटात नष्ट झाली, शेकड्याहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने पहिला कायदा केला. तो दुबळा होता. १८५२ चा कायदा बळकट होता, पण तोही आगबोटींपुरताच. १८६५ मध्ये मिसिसिपी नदीवर ‘सुल्ताना’ फुटली आणि यादवी युद्धातून सुटून घरी परतणारे हजाराहून अधिक सैनिक मेले. जमिनीवरचे बॉयलर, म्हणजे कारखान्यांचे आणि इमारतींच्या तळघरांतले, यांना तर कोणी वालीच नव्हता. तेथे शिरकाव केला तो विमा आणि तपासणी यांनी. १८५४ मध्ये विल्यम फेअरबेर्न यांच्या पुढाकाराने मँचेस्टरला बॉयलरमालकांची तपासणी संघटना निघाली. १८६६ मध्ये अमेरिकेत हार्टफर्ड येथे बॉयलर तपासून मगच विमा देणारी कंपनी निघाली. ब्रिटनने १८८२ च्या कायद्याने स्फोटाची खबर २४ तासांत सरकारला देणे बंधनकारक केले आणि चौकशी तज्ज्ञांच्या हाती दिली. ‘आकस्मिक’ हा शब्द हळूहळू महाग पडू लागला.

आणि हिंदुस्थान? इथले कायद्याचे पाऊल अनेकांना वाटते त्याहून आधीचे आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि १८६४ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने बॉयलर तपासणीचा कायदा केला. नंतर इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. ते परस्परांशी जुळत नसत, आणि ही विसंगती १९२३ च्या भारतीय बॉयलर अधिनियमापर्यंत टिकली. त्या वर्षाकडे पुन्हा येऊ.

आता परत ब्रॉक्टनला. जुन्या बॉयलरचे नळकांडे पत्रा वाकवून, त्याच्या कडा एकीवर एक चढवून, रिव्हेट ठोकून बनवलेले असे. यातला दोष डोळ्यांना दिसत नाही, विचाराला दिसतो. कडा एकमेकींवर चढल्या की नळकांडे पूर्ण गोल राहत नाही. सांध्यापाशी ते किंचित बसके होते. दाब चढला की ते गोल होऊ पाहते, दाब उतरला की पुन्हा बसके होते. दररोज पेटवणे, दररोज विझवणे. तार पुढेमागे वाकवून तोडावी तसा पत्रा सांध्याच्या ओळीत थकत जातो. चीर पडते ती नेमकी दोन पत्र्यांच्या मधल्या झाकलेल्या बाजूस. आतून पाहा, बाहेरून पाहा, हातोडीने ठोका. ती दिसत नाही. ग्रोव्हर कारखान्याच्या बॉयलरचा घात अशाच चिरेने केला, असा निष्कर्ष निघाला. तपासनीस कामचुकार नव्हता. त्याला तपासायला दिलेली वस्तूच अशी घडवलेली होती की तिचा रोग तपासणीत सापडू नये.

माझ्या मते या इतिहासातील खरे वळण इथे आहे. तोपर्यंतचा सारा भर वापरणाऱ्यावर होता: आगवाल्याने सावध असावे, मालकाने काटकसर करू नये, तपासनीसाने नीट पाहावे. ब्रॉक्टनने दाखवून दिले की सगळे सावध असूनही माणसे मरू शकतात. म्हणून नियम घडणीपर्यंत, म्हणजे पत्रा किती जाड, सांधा कसा, झडप केवढी, इथपर्यंत जायला हवा. डिसेंबर १९०६ मध्ये त्याच राज्यातील लिन गावी आणखी एका बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि मॅसॅच्युसेट्सने १९०७ मध्ये बॉयलरच्या रचनेचे नियम ठरवणारे मंडळ नेमले. मग ओहायोने केले, मग इतरांनी. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, त्यामुळे एका राज्यात वैध बॉयलर दुसऱ्यात अवैध ठरू लागला आणि कारखानदारच एकसूत्री नियम मागू लागले. यांत्रिक अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने, म्हणजे एएसएमईने, १९११ मध्ये समिती नेमली. तिची ११४ पानांची पहिली संहिता १९१४ ची म्हणून ओळखली जाते. मोठ्या बॉयलरांसाठी चढत्या कडांच्या उभ्या सांध्याचे दिवस तिने संपवले. पत्र्याच्या कडा समोरासमोर भिडवून आतबाहेर पट्ट्या रिव्हेटायच्या, म्हणजे नळकांडे गोलच राहील, ही रीत रूढ झाली. आणि १९२३ मध्ये त्या संहितेचा चौथा विभाग आला, केवळ इमारती उबदार ठेवणाऱ्या कमी दाबाच्या बॉयलरांसाठी.

योगायोग पाहा, आपला अधिनियमही १९२३ चाच. पण त्याने बॉयलरची जी व्याख्या केली ती पाच गॅलनांहून मोठ्या, दाबाखाली वाफ तयार करण्यासाठीच वापरल्या जाणाऱ्या बंद पात्राची. गिरण्या आणि साखर कारखान्यांच्या देशात ते स्वाभाविकच होते. इमारत तापवणे हा इथला प्रश्न नव्हता. तिथे मात्र नेमका तोच प्रश्न होता, आणि कमी दाबाला कमी धोका समजण्याची चूक सर्रास होत असे. वाफेच्या हीटिंग बॉयलरला त्या चौथ्या विभागाने दर चौरस इंचास १५ पौंडांची मर्यादा घातली. या दाबाला पाणी सुमारे १२१ अंशांवर असते. ते हजारो लिटर असेल आणि पात्र एकाएकी उघडले गेले, तर त्यातील शेकडा चार भागांची जरी वाफ झाली तरी तळघराची भिंत उभी राहत नाही.

इथवर आपण लोखंडाविषयी बोललो. आता पाण्याकडे वळू, कारण स्फोटांच्या इतिहासात पाणी हा सर्वांत कमी लेखलेला आरोपी आहे. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, हे आपण पाहतोच. पाठ्यपुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात त्यातील कॅल्शियमचे क्षार तापल्यावर तळाशी बसतात. त्यातही कॅल्शियम सल्फेट असे विचित्र की पाणी जितके अधिक तापेल तितके ते कमी विरघळते. म्हणजे थर नेमका सर्वांत तप्त पत्र्यावर, आगीच्या बरोबर मागे चढतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक. पलीकडे पाणी असूनही पत्र्याला ते लाभत नाही, पत्रा लाल होतो, मऊ पडतो, फुगतो. शिशाच्या खिळ्यावरही तोच थर बसतो आणि तो वेळेवर वितळत नाही. थराखाली काय चालले आहे हे काचनळीत दिसणारी पाण्याची पातळी सांगत नाही. ती ठीकच असते.

एकोणिसाव्या शतकातील आगवाल्यांचा यावर घरगुती उपाय होता: बॉयलरमध्ये बटाटे टाकणे. कोणी झाडाची साल टाकी, कोणी कोंडा. हे हास्यास्पद वाटते, पण पूर्ण निरर्थक नव्हते. स्टार्च आणि टॅनिन यांमुळे क्षार पत्र्याला घट्ट चिकटण्याऐवजी मऊ गाळाच्या रूपात राहत व तळाच्या कॉकमधून काढून टाकता येत. १८४१ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमधील रसायनाचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी पाणी मृदू करण्याच्या ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, ती तर अस्सल ‘काट्याने काटा काढणे’ होती: चुन्याने जड झालेल्या पाण्यात मोजून आणखी चुना घालायचा, की दोन्ही चुने मिळून खाली बसतात. हे बॉयलरच्या बाहेरच करायचे. चुन्याने न हटणाऱ्या सल्फेटसाठी धुण्याचा सोडा. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी झिओलाइटची पद्धत आणली, ज्यात कॅल्शियमच्या बदल्यात सोडियम दिला जातो आणि माध्यम मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करता येते. आज आपल्या गृहसंकुलांत गच्चीवर मिठाच्या गोण्या का लागतात, त्याचे उत्तर हे.

पण औषधाचाही विषार होतो. बॉयलरच्या उष्णतेत सोड्यापासून दाहक अल्कली तयार होते. रिव्हेटच्या सांध्यातून पाणी सूक्ष्म झिरपते, वाफ निघून जाते, अल्कली मागे उरते आणि त्या फटीत तिची तीव्रता वाढत जाते. मग पोलाद तिथे ठिसूळ होऊन तडकते. इलिनॉय विद्यापीठात सॅम्युअल पार यांनी या प्रकाराचा पाठपुरावा केला आणि १९१७ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे क्षारापासून बचावलेला बॉयलर सोड्याने फुटू शकतो, आणि चीर पुन्हा त्याच झाकलेल्या सांध्यात! रिव्हेटची जागा वेल्डिंगने घेतली तेव्हा ही व्याधी पुष्कळशी मागे पडली. तरी धडा असा उरला की पाण्याला ‘काहीतरी घालणे’ म्हणजे उपचार नव्हे. आधी पृथक्करण, मग मात्रा.

इमारतीच्या हीटिंगमध्ये या कथेला आणखी एक वळण आहे. तिथे तेच पाणी बंद नळ्यांतून फिरत राहते. एकदा त्यातील क्षार बसले आणि प्राणवायू संपला की ते जवळजवळ निरुपद्रवी होते. धोका येतो तो नव्या पाण्याबरोबर. कुठेतरी गळती असते, दाब टिकावा म्हणून आपोआप ताजे पाणी आत येत राहते, आणि प्रत्येक बादलीबरोबर नवा क्षार व नवा प्राणवायू येतो. एक थर चढवतो, दुसरा गंज. म्हणून चांगला कारागीर नव्या नळ्यांतील तेल, वेल्डिंगचे कण आणि माती आधी धुऊन काढतो, मग गंजरोधक मिसळलेले पाणी भरतो, आणि भरणीच्या नळावर मीटर बसवतो. तो मीटर सुरक्षेचे उपकरण म्हणून कोणी मोजत नाही. पण त्यावरचा वाढता आकडा, बाकी सारे काटे शांत असताना, बॉयलर आतून मरत असल्याचे सांगत असतो.

राहिली तार. कोळशाच्या काळात बॉयलरसमोर आगवाला अहोरात्र उभा असे. १९२० च्या दशकापासून तेलाचे आणि गॅसचे स्वयंचलित बर्नर आले आणि आगवाला तळघरातून वर गेला, बहुधा कायमचा. त्याचे डोळे आता तारांत बसवायचे होते. वर खोलीत थर्मोस्टॅट. खाली दाबाचा स्विच, तापमानाचा स्विच, पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणाऱ्या तरंडाचा स्विच. हे सारे एकामागोमाग एकाच साखळीत जोडायचे, म्हणजे कोणतीही एक कडी सुटली की बर्नरची वीज तुटते आणि आग विझते. या मांडणीतले शहाणपण असे की वीजच गेली, तार तुटली किंवा स्क्रू ढिला झाला, तरी परिणाम एकच: आग बंद. बिघाडाची दिशा आधीच ठरवून ठेवलेली आहे.

पण या साखळीलाही एक चोरवाट आहे. समजा, हे स्विच फेजच्या तारेत न बसवता न्यूट्रलच्या बाजूला बसवले. तळघर दमट, तारांचे आवरण जुने. बर्नरची झडप आणि स्विच यांच्या मधली तार एके दिवशी बॉयलरच्या लोखंडाला टेकते. आता विजेला परतण्यासाठी स्विचची गरजच उरत नाही. ती लोखंडातून जमिनीकडे वाट काढते. पाणी संपते, तरंड खाली जातो, स्विच प्रामाणिकपणे उघडतो, आणि बर्नर जळतच राहतो. म्हणून नियंत्रणाच्या परिपथाची एक बाजू भूसंपर्कित ठेवायची आणि सर्व स्विच दुसऱ्या, म्हणजे फेजच्या बाजूला बसवायचे. मग तार लोखंडाला टेकली की फ्यूज उडतो आणि आग विझते. पाणी आणि तार यांचे नातेही इथेच जुळते: पाण्यातला गाळ तरंडाच्या कोठीत साचला की तरंड वरच अडकून बसतो, आणि घाणेरड्या पाण्यामुळे निर्दोष वायरिंग खोटे बोलू लागते. म्हणून ती कोठी नेमाने धुवायची असते आणि धुताना बर्नर खरोखर बंद पडतो की नाही हे पाहायचे असते. बॉयलर कोरडा पडल्याचे दिसले तर एकच करायचे: आग बंद करून तो आपोआप निवू द्यायचा. घाईने थंड पाणी सोडणे म्हणजे तापलेल्या पत्र्यावर वाफेचा भडका आणि तडा, दोन्ही ओढवून घेणे.

हे सारे १९२० च्या दशकातील पुराण नव्हे. १९ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, स्पेन्सर येथील स्टार प्राथमिक शाळेत, मधल्या सुट्टीच्या जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातील पाणी तापवण्याची टाकी फुटली. ती मोठा बॉयलर नव्हती, इमारतीत एरवी कोणाच्या लक्षातही न येणारी टाकी होती. तापमान रोखणारे नियंत्रण निकामी झाले होते आणि शेवटचा आधार असलेली सुरक्षा झडपही कामी आली नाही. मधली भिंत जेवणाच्या दालनावर कोसळली. सहा मुले आणि एक शिक्षिका यांचा मृत्यू झाला. पापँच्या झडपेला तोवर तीनशेहून अधिक वर्षे झाली होती.

आपल्याकडे १९२३ च्या अधिनियमाची जागा आता बॉयलर अधिनियम, २०२५ ने घेतली आहे. जुन्या आणि नव्या मजकुरांची तुलना हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. ज्यांना कायद्याच्या इतिहासात रस आहे त्यांनी तोवर दोन्हींतील ‘बॉयलर’ची व्याख्या शेजारी शेजारी ठेवून वाचावी. पुढचा धागा मात्र गिरणगावच्या चिमण्यांवर. तुमच्या घरात कोणी गिरणीत, साखर कारखान्यात किंवा रेल्वेत आगवाला म्हणून किंवा बॉयलर अटेंडंट म्हणून काम केले असेल, तर त्यांच्या आठवणी खाली अवश्य लिहा. ते बॉयलरमध्ये पाण्याबरोबर काय टाकत असत, हे तर विशेष करून.